गुऱ्हाळाच्या शेडमधली जीप

जुनी जीप बघायला गेलात की बॉनेट उघडायच्या आधी एक पोतं मागून घ्या आणि गाडीखाली झोपा. इंजिन काय हो, ते उघडता येतं, रिंगा-पिस्टन आजही मिळतात, लेथवाले अजून आहेत, पण चासी जर मागच्या पाट्यांच्या, म्हणजे पट्टी स्प्रिंगांच्या, हँगरपाशी तडकली असेल आणि कुणीतरी त्यावर पट्टी मारून वरनं काळा रंग फासला असेल तर ते उभ्यानं बघून बापजन्मात कळत नाही. मालक चहा सांगायला आत गेला की खिशातली छोटी हातोडी काढायची आणि चासीवर टकटक करत पुढनं मागं जायचं. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो आणि गंजून पापुद्रे सुटलेल्या जागी बद्द येतो, एवढं कळलं तरी निम्मा व्यवहार झाला.

मला मिळाली ती गाडी चंदगडकडं एका काजूवाल्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागं उभी होती. महिंद्राची सीजे थ्री बी, 1973 ची, सरकारी लिलावातनं सुटून मग दोन-तीन हात फिरलेली. आणि महत्त्वाचं म्हणजे आतलं पेट्रोलचं हरिकेन इंजिन अजून जागेवर होतं. हे सांगायचं कारण असं की आपल्याकडं या मॉडेलच्या बहुतेक गाड्यांत नंतर कुणी ना कुणी डिझेल इंजिन टाकलंय, पेट्रोल पाजून शेतीची कामं कुणाला परवडणार. महिंद्रानं 1947 मध्ये मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली, पुढं त्या इथंच बनायला लागल्या, आणि अमेरिकेत विलीजवाल्यांची थ्री बी 1953 ते 1968 अशी चालून बंद झाली तरी आपल्याकडं ती त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिली. जुन्या जीपांत ज्या गाडीचं बॉनेट उंच, कपाळ मोठं दिसतं ती हीच. त्याला कारण हे इंजिन, याचा आत हवा घेणारा व्हॉल्व वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये, त्यामुळं इंजिन आधीच्या, दोन्ही व्हॉल्व ब्लॉकमध्येच असलेल्या फ्लॅटहेडपेक्षा उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. 2.2 लिटर, चार सिलेंडर, तीन गिअर, बास.

आता गाडीची अवस्था ऐका. पेट्रोलची टाकी या गाडीत पुढच्या सीटखाली असते, ती गळायला लागल्यावर कुणीतरी टाकीचा नादच सोडून ऑइलचा पाच लिटरचा कॅन बॉनेटखाली तारेनं बांधलेला आणि त्यातनं नळी डायरेक्ट कार्ब्युरेटरला, म्हणजे पंप नको की टाकी नको, वरनं पेट्रोल उताराला लागून आपोआप येतंय. खाली सायलेन्सरची गरम पाइप आणि वर हा कॅन, आणि अशी गाडी कित्येक वर्षं काजूची पोती घेऊन घाट चढत होती. पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद नेणारा दांडा, गायब. मागच्या पाट्यांत दोन पाटे जादा, तेपण भलत्याच गाडीचे. पाट्यांच्या बुशांच्या जागी टायर कापून घातलेले तुकडे. वायरिंग बघून तर मी हात जोडले, हेडलाइटला घरातल्या बेलची वायर. सीट ॲम्बेसेडरचं.

आधी हसू आलं, पण खोलत गेलो तसं लक्षात यायला लागलं की यातल्या एकाही जुगाडाला कारण नाही असं नाही. पुढचा शाफ्ट काढला कारण त्याचे क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, गेले होते आणि पुढची चाकं न ओढता भागत होतं. पाटे जादा घातले कारण पोती जादा भरत होते. माझं जे काही काम झालं त्यातलं निम्मं म्हणजे पन्नास वर्षांतल्या दुरुस्त्या उलट्या दिशेनं उलगडत जाणं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून हे का केलं असेल हे आधी शोधायचं, नाहीतर नवीन पार्ट बसवला तरी मूळ दुखणं तिथंच राहतं आणि वर्षभरात तुम्हीही तोच जुगाड करता.

जागेचा प्रश्न आमच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळानं सोडवला. करवीर तालुक्यात आमचं गाव, वडिलांच्या काळात गुऱ्हाळ चालायचं, आता ऊस सगळा कारखान्याला जातो आणि शेड रिकामी. वरची तुळई दणकट होती म्हणून तिला चेन ब्लॉक अडकवला आणि इंजिन उतरवायची सोय झाली. रस उकळायची जुनी काहील एका कोपऱ्यात पडून होती, तिच्यात मी डिझेल ओतून गिअर आणि एक्सलचे पार्ट धुवायला लागलो. त्यावरून आईनं जे तोंड सोडलंय, त्या काहिलीतला गूळ पार गुजरातला जात होता आणि तू तिच्यात काळं करालाईस म्हणून. पण खरं सांगतो, आख्खं डिफरन्शियल आडवं झोपवून धुवायला याच्यापेक्षा चांगलं भांडं जगात नाही.

हत्यारांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. ही गाडी इंचाची आहे, मिलिमीटरची नाही. गॅरेजवाल्यांच्या भाषेत सुताचे पाने लागतात, एक सूत म्हणजे अष्टमांश इंच, चार सुताचा बोल्ट म्हणजे अर्धा इंच. अर्ध्या इंचाला तेरा नंबरचा पाना बसतो, बसतो म्हणजे जातो, पण 12.7 आणि 13 मधली ती जराशी ढिलाई गंजलेल्या बोल्टाचे कोपरे खाऊन टाकते आणि मग छिन्नी आली, वेल्डिंग आलं. माझ्या गाडीचे अर्धे बोल्ट असे गोल झालेले होते, कारण उघड होतं. कोल्हापुरात जुन्या हत्यारांच्या दुकानात सुताचा रिंग पाना सेट स्वस्तात मिळाला, आता तो फारसं कुणी घेत नाही.

आणि उलटे आटे. या जुन्या जीपांच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात, चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून तेव्हा तशी पद्धत होती. उजवीकडचे नट नेहमीसारखे उघडतात, डावीकडचे तुम्ही जितका जोर लावाल तितके आवळत जातात. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा एक स्टड तुटलेला, दुसरा छिन्नीनं तोडून त्या जागी सरळ आट्याचा बोल्ट वेल्ड केलेला. कुणीतरी भर रस्त्यात, बहुतेक पावसात, पाइप लावून लावून जोर केलेला असणार आणि नट सुटायच्या ऐवजी स्टडच मोडलेला. मी डावीकडचे सगळे स्टड नवीन, उलट्या आट्याचेच घातले आणि डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला रंगानं मोठं लिहून ठेवलं, डावी चाकं उलटे आटे. माझ्यानंतर ज्याच्या हातात गाडी जाईल त्यानं तरी पाइप शोधू नये.

सगळे म्हणतात आधी इंजिन चालू करून बघ. माझं मत उलटं आहे, आधी थांबायची सोय करा मग पळायची. म्हणून पहिल्यांदा पुढचा एक्सल घेतला. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर ठेवून, नुसत्या जॅकवर कधीच नाही, चाक वर-खाली धरून हलवलं तर टकटक आवाज, म्हणजे किंगपिनची, ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीची, बेअरिंग गेलेली. उघडलं तर आत शिम, म्हणजे फट भरायच्या पातळ चकत्या, म्हणून कापलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या होत्या, बहुतेक ऑइलच्या डब्याच्या, एकावर छापलेलं अक्षर अजून वाचता येत होतं. कात्रीनं इतक्या सफाईनं कापलेल्या की कापणाऱ्याचं कौतुक वाटलं, पण पत्रा मऊ, चेपला जातो, परत ढिलाई येते आणि चाळीसच्या स्पीडला पुढची चाकं नाचायला लागतात. नवीन बेअरिंग आणि मापाच्या शिम घातल्या. आवळ किती ठेवायचा याचं विलीजच्या मॅन्युअलमधलं माप मला फार आवडलं, ऑइल सील न घालता नकलच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्याच्या, आर्मला ताणकाटा अडकवून ओढायचं आणि 12 ते 16 पौंडाला ते फिरायला पाहिजे, म्हणजे साडेपाच ते सात किलो. आता पौंडाचा काटा कुठनं आणणार, घरातला भाजी मोजायचा ताणकाटा लावला, सहा किलोच्या जवळपास हललं, झालं. एवढी मोठी गाडी आणि तिच्या स्टीअरिंगचा निकाल कांदे मोजायच्या काट्यावर.

पाटे खोलून एकेक वेगळा केला, जादाचे दोन काढले, मधला गंज घासून ग्रीस लावून परत बांधले आणि नवीन बुश घातले. याच्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, अंगमेहनत आहे, यू-बोल्ट मात्र जुने परत वापरू नका, ते एकदा ताणलेले असतात.

ब्रेकला चारी बाजूला ड्रम, 9 इंची, आणि सगळ्यांना मिळून एकच सर्किट, म्हणजे एक पाइप फुटली की चारी ब्रेक गेले. म्हणून पाइपा सगळ्या नवीन, याच्यात पैसे वाचवायचे नाहीत. मास्टर सिलेंडर पायाखाली चासीला असतो, चिखल-पाणी सगळं त्याच्या नशिबी, आत खड्डे पडलेले होते. नवीन मिळत होता पण फिनिशिंग बघून मन झालं नाही, मग जुन्यातच शिवाजी उद्यमनगरात स्टीलची स्लीव्ह बसवून घेतली. बाहेरच्या लोकांना सांगायला पाहिजे, कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे काय चीज आहे, ऑइल इंजिनच्या काळापासनं तिथं फाउंड्री आणि लेथ एकाला एक लागून आहेत, हातात तुटका पार्ट घेऊन गल्लीत शिरलं की दुसऱ्या टोकाला तो पार्ट होऊन बाहेर येतो. कुणी विचारत नाही गाडी कुठली, माप काय एवढंच विचारतात.

ब्रेकची एअर काढायला दोन माणसं लागतात आणि घरात मी आणि आई. मास्टर सिलेंडरपासनं सगळ्यात लांबचं चाक आधी घ्यायचं, माझ्या गाडीत मागचं डावं. मी खाली पाना आणि बाटली घेऊन, आई ॲम्बेसेडरच्या सीटवर पदर खोचून.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव, सोडू नको. मी सांगितल्यावर सोड."

"किती वेळ? आमटी गॅसवर हाय माझी."

चार चाकं झाली तेव्हा आमटी करपली होती आणि पेडल कडक झालेलं होतं. हँडब्रेक मात्र वेगळाच प्रकार, तो चाकांना नसतो, ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याच्या, मागं एक छोटा ड्रम असतो त्याला असतो, शाफ्टच पकडून ठेवतो. चालत्या गाडीत चुकूनही ओढायचा नाही, क्रॉसचा चुराडा होईल.

आता इंजिन. हाताला फिरत होतं, पण दोन सिलेंडरला कॉम्प्रेशन जवळजवळ नव्हतं. हेड काढायला एक मामा आले होते, गडहिंग्लजकडचे, आयुष्यभर जीपा बांधलेला माणूस, आता गॅरेज बंद केलंय पण कुणी बोलावलं तर नाही म्हणत नाहीत. मी सगळे हेडबोल्ट काढून ठेवले होते आणि हेड काही जागचं हलत नव्हतं. मामा आले, खुर्ची मागितली, बसले, हेडच्या कडेवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, "हितं बघा पाव्हणं." हेडच्या खालच्या काठाला पाच-सहा ठिकाणी छिन्नीचे खोल घाव होते, जुने, त्यांच्यावर काळं कीट बसलेलं. "तुमच्या आदीबी कुणाचं तरी निघंना झालतं." मग त्यांनी कार्ब्युरेटर काढायला सांगितला. याच्या इनटेकची वाट हेडमध्येच ओतलेली असते, वेगळी मॅनिफोल्ड नसते, आणि कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली, त्या भोकात, बॅटरी मारून बघितलं तर आत एक बोल्ट बसलेला. वरनं कुठनं दिसायचा प्रश्नच नाही. तो काढला आणि हेड पहारीशिवाय दोघांनी उचलून बाजूला ठेवलं. छिन्नीवाल्यानं तेव्हा शेवटी काय केलं असेल माहीत नाही, पण त्या घावांमुळं एका ठिकाणी गॅस्केटची बैठक बिघडली होती आणि तिथनंच पाणी दुसऱ्या सिलेंडरकडं झिरपत होतं, म्हणजे कॉम्प्रेशनचं एक कारण तिथं सापडलं. हेड प्लेन करून घेतलं, बसवताना 60 ते 70 फूट-पाउंडला मधनं बाहेर असे बोल्ट आवळले, लपलेल्या बोल्टाला नवीन कॉपर वॉशर.

ब्लॉक उद्यमनगरात दिला, बोअर चाळीस थाऊनी (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढला, क्रँक ग्राइंड झाला, व्हॉल्व सीट नवीन बसल्या. शिसंवालं पेट्रोल आपल्याकडं 2000 साली बंद झालं, तेव्हापासनं जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट सीट घासतात अशी भीती सगळे घालतात, पण कडक धातूच्या सीट बसवल्या की तो विषय संपतो. इंजिन मात्र मी घरीच बांधलं, मामा खुर्चीवर बसून आणि मी हातानं. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्वची, फट थंड इंजिनला इनटेकला 18 थाऊ आणि एक्झॉस्टला 16, पॉइंटचा गॅप 20. एक्झॉस्टचे टॅपेट खाली बाजूला असतात, ते लावायला हात आत घालून, मान वाकडी करून, फीलर गेज दिसत नाही नुसता जाणवतो. मामांनी गेज न लावता बोटानं हलवून सांगितलं, हा जरा टाइट हाय. लावून बघितलं, खरंच होता.

इंधनाचं प्रकरण मला सगळ्यात जास्त पुरलं. टाकी आत गंजलेली, तिला घरी वेल्डिंग अजिबात करू नका, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची कारण आत वाफ असते. मी ती आधी सोडा घालून गरम पाण्यानं बऱ्याच वेळा धुतली, मग सायट्रिक ॲसिड आणि मूठभर नट-बोल्ट आत घालून खडखडवली आणि शेवटी रेडिएटरवाल्याकडनं झाळून घेतली, तो टाकी पाण्यानं भरून झाळायची जागा तेवढी वर ठेवतो. पंप परत जागेवर बसवला, कॅन गेला. आणि महिन्याभरात पंपाचा पडदा लिबलिबीत. जुन्या साठ्यातलं किट होतं, जुन्या रबराचं, आणि आताच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल. आता गंमत बघा, आमचाच ऊस, आमच्याच शेतातनं गेलेला, त्याचं इथेनॉल होऊन माझ्याच जीपच्या पंपाचं रबर खातंय आणि वर ऊसदर वाढवा म्हणून आम्हीच रस्त्यावर. पडदा व्हिटॉनचा, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा, घातला, नळ्या इंजेक्शन गाड्यांच्या ग्रेडच्या, आणि इथेनॉलमुळं मिक्श्चर पातळ पडतं म्हणून सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक साइज मोठा. त्यानंतर प्लगचा रंग विटकरी आला. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर मी आता कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवतो आणि मगच बंद करतो.

गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस एकाला एक चिकटून असतात आणि मधल्या शाफ्टवरनं एकातलं ऑइल दुसऱ्यात सरकतं, जुन्या जीपवाल्यांना हे माहीत असतं, दोन्हीकडची लेव्हल एकाच वेळी बघायची. ऑइल जीएल फोर घाला, दुकानदार जीएल फाइव्ह चांगलं म्हणून गळ्यात मारतो पण त्यातली केमिकलं सिंक्रोच्या, म्हणजे गिअर गुपचूप पडायला मदत करणाऱ्या, पितळी रिंगांना चालत नाहीत. पहिल्या गिअरला तर सिंक्रो नाहीच, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर आख्ख्या गल्लीला कळतं. पुढचा शाफ्ट एका भंगारवाल्याकडं मिळाला, क्रॉस नवीन घातले, बॅलन्सिंग करून घेतलं आणि गाडी परत फोर बाय फोर झाली.

वायरिंग पूर्ण काढून फेकून दिली आणि नवीन ओढली, फ्यूज बॉक्स घातला, डायनॅमो काढून अल्टरनेटर. इथं मी ओरिजिनलचा हट्ट धरला नाही, रात्री उसाच्या ट्रॉल्या बिनालाइटच्या समोरून येत असताना आपले तरी लाइट लागले पाहिजेत.

पत्र्याचं काम लोकांना फार महत्त्वाचं वाटतं, मला नाही. लोहचुंबक फिरवून बघितलं, जिथं चिकटत नाही तिथं लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. फ्लोअर आणि दोन्ही बाजूचे खालचे कोपरे कापून नवीन पत्रा घातला. चासी तेवढी शिरोली एमआयडीसीत ब्लास्टिंगला, म्हणजे मारा करून गंज-रंग उडवायला, दिली, आली तेव्हा मागच्या हँगरपाशी केसासारखी तड दिसली, व्यवहाराच्या वेळी हातोडीनं जिथं शंका आली होती तिथंच. तडेच्या टोकाला भोक पाडून तिची वाढ थांबवायची, मग व्ही आकारात घासून वेल्डिंग, आणि वरनं पट्टी मारायची तर तिचे कोपरे तिरके कापून, सरळ आडवी पट्टी मारली की तिच्या कडेला नवीन तड जाते. रंग घासताना वर चंदेरी, खाली पांढरा, त्याच्या खाली हिरवट खाकी निघाला. तो हिरवट खाकी ठेवला, साधा सिंथेटिक एनॅमल. पीयू रंग जास्त चमकतो पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फवारताना साधा मास्क काही कामाचा नाही, फुफ्फुसाला कायमचं लागू शकतं, आणि शेडमध्ये आई येऊन-जाऊन असते. आणि कृपा करून या गाडीला ते रुंद टायर आणि पाच-सहा लाइटचा बार लावू नका. 6.00-16 चे अरुंद टायर चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत जातात, रुंद टायर वरच तरंगतात, आणि स्टीअरिंग इतकं जड होतं की पार्किंग करताना खांदे भरून येतात.

कागदपत्रं. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना 2021 पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, बऱ्याच जणांनी सुचवलं. पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मला ती शेतात न्यायची आहे, म्हणून साधंच रिन्यूअल केलं, पाच वर्षांसाठी. पूर्वी 600 रुपयांत व्हायचं ते 2022 मध्ये 5,000 झालं आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना 10,000. चासी नंबरची छाप पेन्सिलनं घेतात, तेव्हा नंबराची जागा ब्लास्टिंगच्या आधी टेपनं झाकली होती त्याचं सार्थक झालं, आकडे उडाले असते तर पुढचं काही विचारूच नका. आणि इंजिन आरसी बुकातलंच असल्यामुळं तिथं एकही प्रश्न आला नाही. डिझेल टाकलेल्या गाड्यांत मालकांचा जीव इथंच जातो, इंजिन बदल आरसीवर चढवलेला नसेल तर गाडी कितीही चकाचक करा, पासिंग होत नाही.

पावसाळ्यात तिला पहिल्यांदा खऱ्या कामाला लावलं. आमच्या मळ्याची वाट जुलैमध्ये म्हणजे नुसता काळा चिखल, ट्रॅक्टर सोडून काही जात नाही. दुधाचा टेम्पो मागच्या चाकांनी बसला होता, मालक हताश होऊन कडेला उभा. फोर व्हील टाकला, ट्रान्स्फर केसचा लो रेंज (कमी वेग, जास्त ताकद) टाकला, दोरखंड लावला, क्लच सोडून पाय बाजूला घेतले आणि इंजिन नुसत्या आयडलिंगवर घुमत टेम्पोला हळूहळू बाहेर घेऊन आलं, ॲक्सिलरेटरला पाय पण लावला नाही. तो माणूस म्हणाला, "सरकारी गाडी काय ओ?" रंगामुळं असेल.

पण परत येताना उतारावर लो रेंजचा दांडा दोनदा आपोआप न्यूट्रलमध्ये आला. उतारावर ही गंमत नाही, नशीब ब्रेक नवीन होते. मामांना फोन केला, ते म्हणाले रॉडवरची खाच घासलीय, गोळी आणि स्प्रिंग बदलून बघा, नाही थांबलं तर गिअरचे दात तिरके झालेत, केस उतरवावा लागंल. गोळी-स्प्रिंग बदलली, चढाला आता थांबतोय, उताराला अजून सुटतो, म्हणजे केस उतरवायचा आहे. तोवर दांड्याला सायकलची ट्यूब कापून बांधलीय आणि तिचं दुसरं टोक सीटच्या पायाला. ऊसतोड चालू व्हायच्या आत काम करून घ्यायचंय, गिअर उद्यमनगरात दाखवून आलोय, तो म्हणतो आणा, बघू.